गोधडी : ममता की स्मरण ?

परमार्थात प्रश्न दोन प्रकारचे असतात. काही प्रश्न ग्रंथ वाचताना सुचतात आणि ग्रंथ बासनात बांधला की त्यांचाही विसर पडतो. दुसरे प्रश्न घरातून उठतात. माळ्यावरच्या पेटीतून, देवळीतून, अंथरुणाच्या घडीतून ते निघतात आणि माणसाची पाठ सोडीत नाहीत. आज भाविक वाचकांपुढे ज्या प्रश्नाचा विचार मांडावयाचा आहे, तो या दुसऱ्या जातीचा आहे. प्रश्न माझा नव्हे, एका माउलीचा आहे. पण त्याचे उत्तर देताना मी चुकलो, म्हणून तो आता माझाही झाला आहे.

मुलुंडला पूर्वेच्या बाजूस आमचा रोज सायंकाळी हरिपाठ होतो. दहापंधरा माणसे जमतात. कोणी गिरणीतून निवृत्त झालेला, कोणी भाजीची गाडी लवकर आवरून आलेला, कोणी सुनेच्या हाती स्वयंपाक देऊन आलेली. मी कोणी अधिकारी पुरुष नव्हे. नोकरी संपली आणि टाळ हातात आला, इतकेच. परंतु वयाचा मान म्हणून चार मंडळी मला काहीबाही विचारतात आणि मीही काहीबाही सांगतो.

एके दिवशी हरिपाठ झाल्यावर एक ताई मागे थांबली. तिच्या इमारतीचा पुनर्विकास होणार होता. महिन्याभरात घर रिकामे करून भाड्याच्या जागेत जायचे होते. सामान आवरता आवरता माळ्यावरची एक पिशवी तिच्या हाती लागली. "लागली" म्हणणेही खरे नव्हे, कारण ती तिथे आहे हे तिला रोज ठाऊक होते. नऊ वर्षांपूर्वी तिचा अकरा वर्षांचा मुलगा तापाचे निमित्त होऊन गेला. त्याचे सगळे कपडे त्या पिशवीत होते. अगदी पहिल्या झबल्यापासून ते शेवटच्या वाढदिवसाच्या टी-शर्टापर्यंत.

ती म्हणाली, "माउली, घरातले म्हणतात, आता तरी देऊन टाक. बोहारीण येते तिला दे, नाहीतर कुठे वाट. माझ्या हातून होत नाही. हा मोहच ना? एवढी वर्षं हरिपाठ म्हणते, तरी सुटत नाही. मग काय उपयोग?"

मी तत्काळ उत्तर दिले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक कोणाला ठाऊक नाही? माणूस जुने झालेले वस्त्र टाकतो आणि नवे घेतो, तसा आत्मा जीर्ण देह टाकून दुसरा धारण करतो. मी म्हटले, "ताई, देह हेच जिथे वस्त्र, तिथे त्या वस्त्राचे वस्त्र काय जपायचे? त्याने ते टाकले, तुम्हीही टाका."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. मला वाटले, चांगले सांगितले. त्यानंतर तीन आठवडे ती हरिपाठाला आली नाही.

घरी हे बोललो तेव्हा आमच्या मंडळींनी हातातली निवडायची मेथी खाली ठेवली आणि विचारले, "आपल्या थोरल्याची कुंची कुठे आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?" मी म्हटले, "नाही." "माझ्या पेटीत आहे. चाळीस वर्षं. तो धडधाकट आहे, दर रविवारी येऊन जेवून जातो, तरी मी ती टाकली नाही. आणि जिचा गेला, तिला तुम्ही टाक म्हणून सांगता?"

वाचकहो, त्या रात्री मी पुन्हा दुसरा अध्याय काढून बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही. तो श्लोक खोटा नाही, पण तो कोणाला व केव्हा सांगितला आहे? रणांगणावर आलेल्या, हातचे धनुष्य खाली ठेवलेल्या आणि त्या युद्धात अद्याप ज्याचे कोणीही गेलेले नाही, अशा वीराला. पुढे होणाऱ्या मरणाच्या कल्पनेने त्याचे कर्तव्य सुटू लागले होते, म्हणून भगवंतांनी त्याला देहाचे खरे स्वरूप सांगितले. पण त्याच अर्जुनाची पुढची कथा आपण विसरतो. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. संध्याकाळी अर्जुन छावणीत परत आला. गीता प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकलेला हा पुरुष! त्याने काय केले? त्याने शोक केला. लेकराचे रूप, त्याचे बोलणे, त्याचे वागणे आठवून आठवून त्याने विलाप केला. आणि भगवंतांनी काय केले? "अरे, तुला वस्त्राचा दृष्टांत सांगितला होता ना?" असे म्हणून त्यांनी त्याला लाजविले नाही. त्यांनी त्याला सावरले, आणि सुभद्रेकडे स्वतः जाऊन त्या माउलीचेही सांत्वन केले. सिद्धांत ठाऊक असणे निराळे आणि तो केव्हा उच्चारावा हे कळणे निराळे. मला पहिले येत होते, दुसरे येत नव्हते.

आता कोणी म्हणेल, "अहो, पण संतांचे उदाहरण पाहा. ते कुठे असे गुंतले?" या पूर्वपक्षाचा विचार केलाच पाहिजे, कारण तो दुबळा नाही.

श्रीगाडगेबाबांची हकीकत सर्वांना माहीत आहे. १९२३ साली कोकणात खारेपाटणला, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी आणि आताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, बाबांचे कीर्तन चालू होते. एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी तिथे आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. असंख्य गेले, त्यांत हा एक, असा भाव ठेवून ते पुढे बोलत राहिले. हे वैराग्य वंदनीयच आहे. परंतु दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे, बाबांनी हा कठोरपणा स्वतःच्या दुःखाला लावला. दुसऱ्या कोणा पोरक्या झालेल्या आईला त्यांनी "रडू नकोस" म्हणून दरडावले नाही. दुसरी गोष्ट अशी की, ते प्रेम आटले नाही, ते पसरले. परगावच्या गोरगरिबांसाठी धर्मशाळा, आंधळ्यापांगळ्यांसाठी अन्न आणि वस्त्र, आणि "ताट विकावे लागले तरी चालेल पण पोराला शिकवा" अशा अर्थाचा तो एकच धोशा! १९५६ च्या नोव्हेंबरात आपल्या उपनगरात, वांद्र्याला, त्यांचे अखेरचे कीर्तन झाले, तेव्हाही तेच सांगणे होते. ज्याने आपल्या लेकरासाठी कीर्तन थांबविले नाही, त्याने लोकांच्या लेकरांसाठी देह झिजविला. आणि त्यांच्या अंगावर काय असे? चिंध्या जोडून केलेले वस्त्र. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. ही गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली आहे, पुढे तिचा उपयोग आहे.

श्रीतुकोबारायांकडे पाहा. १६३० च्या सुमारासच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा संतू गेला. हे दुःख त्यांनी लपविले नाही, त्यांनी ते पांडुरंगापुढे नेले. श्रीगोरोबाकाकांची कथा घ्या. महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात ती सविस्तर आहे. नामाच्या तंद्रीत माती तुडविताना रांगते मूल पायांखाली आले. आपण कीर्तनात ही कथा काकांच्या तल्लीनतेसाठी सांगतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. पण कथा तिथे थांबत नाही. त्या आईचा आक्रोश कथेत आहे, आणि अखेर पंढरीला नामदेवरायांच्या कीर्तनात ते मूल आईकडे परत येते. कथेचा शेवट काकांच्या वैराग्याने होत नाही, आईची ओटी भरून होतो. पांडुरंगाला त्या आईची हाक कमी प्रतीची वाटली असती, तर त्याने असे केले असते काय?

म्हणजे शोक करणे हा काही परमार्थातला अपराध नव्हे. परंतु ताईचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. तिने विचारले होते ते रडण्याविषयी नव्हे, ठेवण्याविषयी. नऊ वर्षे पिशवी माळ्यावर ठेवणे ही ममता की स्मरण?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना मुलगा, पत्नी, घर यांविषयी अनासक्ती हे एक लक्षण सांगितले आहे. त्यावर ज्ञानोबामाउलींनी जे विवरण केले, त्यात वाटसरूचा दृष्टांत आहे. वाटेवरच्या बिऱ्हाडात उतरलेला प्रवासी जसा त्या जागेला माझी म्हणत नाही, तसे ज्ञानी पुरुषाने देहात व घरात असावे. हे वाचताना आमच्यासारख्यांना वाटते की, प्रवाशाने कोरडे असावे. पण वारी केलेल्या माणसाने विचार करावा. मुक्कामाच्या गावी ज्या शाळेत, ज्या ओसरीवर आपण उतरतो, ती आपली नव्हे हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून काय आपण तिथे घाण करून निघतो? चांगला वारकरी पहाटे उठून जागा झाडतो, मिळालेली सतरंजी घडी करून ठेवतो, की मागून येणाऱ्याला ती कामी यावी. जागा माझी नाही, हे ज्याला खरोखर कळले, तोच ती दुसऱ्यासाठी नीट ठेवतो.

ममता आणि स्मरण यांतला भेद मला इथे सापडतो. वस्तू दोन्हींत असते. ममतेत ती वस्तू "माझी" म्हणून कुलुपात राहते. तिला वारा लागू नये, कोणाचा हात लागू नये असे वाटते. स्मरणात ती वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडते आणि तिच्या निमित्ताने प्रेम वाहते राहते.

कोणी म्हणेल, हे तुमच्या मनाचे झाले, संप्रदायात याला आधार काय? आधार आपल्या डोळ्यांसमोर दरवर्षी चालत जातो! श्रीतुकोबाराय १६५० साली वैकुंठाला गेले, तेव्हा धाकटे चिरंजीव नारायणमहाराज आईच्या पोटात होते. वडिलांना त्यांनी पाहिलेही नाही. त्या मुलाने १६८५ साली तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवल्या, त्या देहूहून आळंदीला नेल्या, माउलींच्या पादुका सोबत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. पादुका म्हणजे काय? गेलेल्याच्या पायाची खूण. त्या देव्हाऱ्यात कडीकुलपात ठेवल्या असत्या, तर एका घराण्याची ती ठेव झाली असती. नारायणमहाराजांनी त्या खुणेला चालविले, म्हणून आज लक्षावधी लोक तिच्या मागून चालतात. ज्या मुलाला बाप दिसला नाही, त्याने साऱ्या महाराष्ट्राला बाप दिला. खूण जपू नये, असे आपला संप्रदाय सांगत नाही. ती वाटेवर आणावी, असे सांगतो.

आता आपल्या घरांकडे वळू. लेकराच्या कपड्यांचे काय करावे, हे आपल्या आज्यांनी पोथी न वाचता ठरविले होते.

नवे मूल जन्माला आले की त्याला आधी जुने घालावे, अशी आपल्याकडे रीत आहे. थोरल्या भावंडाचे, चुलत्याच्या मुलाचे, शेजारच्या घरातल्या धडधाकट मुलाचे अंगडे मागून आणीत. जुन्या धोतराचे दुपटे, आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे बाळोते. नवे कापड खळीने कडक असते, तान्ह्या अंगाला टोचते. दहा वर्षे धुतलेले सूत लोण्यासारखे होते. हा त्यातला व्यवहार. आणि दुसऱ्या लेकराच्या अंगचे कापड आपल्या लेकराच्या अंगी येणे, म्हणजे त्या घराचा आशीर्वाद येणे, हा त्यातला भाव.

आणि जे कापड अगदीच विरले, त्याची गोधडी. घाटावर तिला वाकळ म्हणतात. शेतीची कामे उरकली की उन्हाळ्यात ओसरीवर नऊवारी लुगडे अंथरायचे, त्यावर घरातल्या सगळ्या चिंध्या पसरायच्या, वरून दुसरे लुगडे. चार बाया चार बाजूंना बसून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत यायच्या. कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते, तिनेच ऊब टिकते. म्हणून दोन पातळ वस्त्रे एका जाड वस्त्राहून उबदार असतात. त्या गोधडीत आजोबांचा सदरा असे, आत्याचे परकर असे, गेलेल्या काकांचे पागोटे असे. कोणाचे काय ते थोरल्या बाईला ठाऊक. पोरे रात्री विचारीत, "हे कुणाचं?" आणि तिच्या सांगण्यातून, न पाहिलेली माणसे घरात राहत.

ही रीत आपलीच एकट्याची नव्हे. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर करून कांथा शिवतात आणि साडीच्या काठातले रंगीत दोरे ओढून त्यांनीच टाके घालतात. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूस सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका तशीच कवंदी शिवतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेले फूल बसविल्याशिवाय ती पुरी झाली असे मानीत नाहीत. अमेरिकेत १९८७ साली एड्सने गेलेल्या माणसांच्या आप्तांनी एक थोर गोधडी आरंभिली. ज्यांचे अंत्यविधी करायलाही लोक कचरत, त्यांच्या नावाचा एकेक तुकडा, तीन फूट रुंद, सहा फूट लांब, कबरीच्या मापाचा. त्यात गेलेल्याचे सदरे, टोप्या, लहानपणची खेळणीसुद्धा शिवलेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मैदानावर ते १,९२० तुकडे अंथरले, तेव्हा जग थांबून पाहू लागले. समाजाने टाकलेल्यांना आईच्या सुईने परत गावात आणले. दुःखात असलेल्या माणसाचा हात सुईदोऱ्याकडे वळतो, ही गोष्ट देशोदेशी सारखीच आहे. आपले नामदेवराय शिंप्याच्या कुळातले होते, हे मला त्या दिवशी फार जवळचे वाटले.

असो. तीन आठवड्यांनी मी आणि आमची मंडळी त्या ताईच्या घरी गेलो. मी तिला म्हटले, "ताई, मी घाईने बोललो. श्लोक खरा आहे, माझी वेळ खोटी होती." ती काही बोलली नाही. तिने पिशवी काढून आणली आणि आमच्या मंडळींच्या पुढ्यात ठेवली.

नऊ पावसाळे ती पिशवी माळ्यावर होती. मुंबईची हवा वाचकांना सांगायला नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत कापडाला ओल धरली होती. तीनचार टी-शर्टांवर बुरशीचे काळे ठिपके होते, पांढऱ्यांवर पिवळे डाग पडले होते, एकाला कसर लागली होती. ताईने एक टी-शर्ट उचलून तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "धुतले नव्हते मी हे. वास जाईल म्हणून. आता नुसता डांबरगोळ्यांचा येतोय."

ममतेने ज्याला राखायचे, तेच तिच्या मुठीत नासून जाते, हे मी ग्रंथात कितीदा वाचले होते. पण ते सांगायची ही जागा नव्हती, आणि या वेळी मी गप्प राहिलो.

गोधडीची कल्पना आमच्या मंडळींची. त्यावर ताईने दोन शंका काढल्या, आणि त्या विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली शंका अशी. "यातले काही कपडे चांगले आहेत. ते कापायचे, की कोणा उघड्या पोराला द्यायचे?" हा खरा धर्माचा प्रश्न आहे. माझ्या मते उत्तर स्पष्ट आहे. जे वस्त्र एखाद्या लेकराच्या अंगावर जाऊ शकते, त्यावर त्या लेकराचा हक्क आपल्या आठवणीच्या आधी आहे. चांगला सदरा कापून त्याची शोभा करणे आणि दाराशी मूल उघडे ठेवणे, ही ममताच झाली, मग तिला स्मरण म्हणा की कला म्हणा. ताईने ते मानले. एकतीस कपड्यांतले सात निघाले. ते तिने धुऊन, इस्त्री करून, भावाच्या हाती त्याच्या गावी पाठविले. "इथे कोणाच्या अंगावर दिसले तर मला सोसणार नाही," असे म्हणाली. तेही मी गैर मानीत नाही. देणाऱ्याने आपल्या सोसण्याचा अंदाज घेऊन द्यावे, म्हणजे दिल्यावर मन मागे धावत नाही.

दुसरी शंका अवघड होती. "कात्री कशी लावू?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमची मंडळी म्हणाली, "आपण आधी धुऊ या. कात्रीचं मग बघू." तेवढे झाले. बादलीत पाणी काढून ताईने स्वतः एकेक कपडा धुतला. त्याला सबंध दुपार लागली. दोरीवर ओळीने चोवीस कपडे वाळत पडले, पहिल्या वर्षाच्या झबल्यापासून अकराव्या वर्षाच्या टी-शर्टापर्यंत, आणि नऊ वर्षांत प्रथमच त्यांना ऊन लागले. शेजारणी आल्या. "हा त्याने सहलीला घातला होता ना?" "यात तो पडला होता, गुडघा फुटला होता." ज्या मुलाचे नाव घरात कोणी घेत नव्हते, ते त्या दुपारी गॅलरीभर घेतले गेले. संध्याकाळी ताईने आपणहून कात्री मागितली.

ज्यांना असे काही करावयाचे असेल, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून ठेवतो. टी-शर्टाचे कापड विणकरी नसते, फाश्यांचे असते. ते ओढले की ताणते आणि कापले की कडा वळतात. म्हणून चौकोन कापण्याआधी मागे पातळ चिकट बक्रम इस्त्रीने बसवावे. छापलेल्या चित्रावर उघडी इस्त्री फिरवू नये, चित्र वितळून इस्त्रीला चिकटते. वर सुती फडके ठेवावे. चौकोन सगळे एका मापाचे कापावे आणि चारी बाजूंना शिलाईसाठी अर्धा इंच सोडावा. आमच्याकडे शिवून आठ इंचांचे चौकोन धरले. चोवीस कपड्यांच्या पाठपोट मिळून अठ्ठेचाळीस झाले. पहिल्या वर्षातली झबली मापाला कमी पडली, त्यांना लुगड्याच्या काठाची पट्टी जोडली. सहा चौकोन कमी होते. ते ताईच्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारीतून काढले आणि उरलेले लुगडे खाली लावले. सहा आडवे, नऊ उभे. चार फूट रुंद, सहा फूट लांब. चौकोनांची जोडणी ओळखीच्या एका बाईने यंत्रावर करून दिली. आत जुन्या सुती चादरीचे दोन थर घातले. धावदोरा मात्र ताईने आणि इतर बायांनी हाताने घातला, रोज हरिपाठानंतर तासभर. वीसएक दिवस लागले. मालक सुरुवातीला त्या खोलीत येत नसत. पुढे एक दिवस ते आले आणि काही न बोलता सुईत दोरा ओवून देऊ लागले.

एक गोष्ट आणखी सांगावीशी वाटते. आता अशा गोधड्या हयात मुलांच्या कपड्यांच्याही करतात. मूल परदेशी गेले, आईबापांनी घाटकोपरला किंवा बोरिवलीला बसून त्याच्या शाळेच्या टी-शर्टांची गोधडी केली, असे ऐकू येते. त्यात वाईट काही नाही. परंतु त्यांनी मनाला एकदा विचारावे. ही गोधडी त्याला पांघरायला धाडायची आहे, की "बघ, आम्ही तुझ्यासाठी किती झुरतो" हे दाखवायला? पहिल्यात ऊब आहे, दुसऱ्यात वसुली आहे. मुलाचा देह वाढला म्हणून त्याला जुना सदरा बसेना. त्याचे आयुष्य वाढले म्हणून त्याला आपले घर बसेनासे झाले, तर त्याचा दोष कोणता? वाढणाऱ्याला जुन्या मापात कोंबू पाहणे ही ममतेची दुसरी तऱ्हा आहे, आणि ती जिवंत माणसाला जास्त लागते.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. ठेवणे हा मोह का? माझे अल्प मतीचे उत्तर असे. ठेवलेल्या वस्तूने जर आपले दार बंद केले, तर तो मोह. जर दार उघडले, तर ते स्मरण. बाविसावा श्लोक आजही तितकाच खरा आहे. वस्त्र जीर्ण होते, टाकावेच लागते. ही गोधडीही एक दिवस विरेल. पण जीर्ण वस्त्र टाकण्याचे दोन मार्ग आहेत. एक उकिरड्यावर टाकण्याचा, आणि एक कोणाच्या तरी अंगावर टाकण्याचा. आपल्या आज्या दुसऱ्या मार्गाने गेल्या. गोधडेबुवा तर ते जीर्ण वस्त्र आपल्याच अंगावर घेऊन गावोगाव हिंडले.

ताई आता भाड्याच्या घरात राहते. तिथे शेजारी एक जोडपे आहे, दोघेही नोकरीला जातात. त्यांचे दीड वर्षाचे मूल दुपारी ताईकडे असते आणि त्या गोधडीवर झोपते. परवा त्याने तिच्यावर दूध सांडले. ताईने गोधडी धुतली आणि कठड्यावर वाळत घातली. वासाची गोष्ट तिने काढली नाही.

ती हरिपाठाला पुन्हा येऊ लागली आहे. मागच्या एकादशीला तिने सहज सांगितले, "रात्री झोप लागली नाही ना माउली, की मी चौकोनांवरून बोट फिरवीत नाम घेते. एका चौकोनाला एकदा. चौपन्न आहेत. दोनदा फिरलं की माळ होते."

चौपन्न दुणे एकशे आठ. चौकोन कापताना हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. बोट फिरविताना ती लेकराला आठवते की विठ्ठलाला, असे मी तिला विचारले नाही. मागच्या चुकीने मला एवढे शहाणपण आले आहे.

रामकृष्ण हरि.